सातव्या ओळीत

वडील हळदीच्या सौद्यात होते.
रुमालाखाली हात, हातात हात,
दोन बोटं दाबली, एक पेर सोडलं,
भोवती वीस माणसं उभी
आणि भाव फक्त दोघांना ठाऊक.
घरी येऊन जेवायला बसले
तरी नखांतली हळद गेलेली नसायची,
तोंडातून आकडा आलेला नसायचा.

मी मिक्सर विकतो. हरभट रोडला.
चौगुले होम अप्लायन्सेस.
शीतल म्हणजे बाईच असणार असं धरून
कंपनीची पत्रं अजून श्रीमती लिहून येतात.

काल दुपारी सुकन्या मगदूम आली,
मिरजेत नर्स, रात्रपाळी करून थेट,
पायांत तेच पांढरे बूट.
साडेसातशे वॅट, तीन भांडी.
झाकण उघडून पात्याला बोट लावलं,
म्हणाली, चालू करा.
केला.
रिकामं भांडं केवढ्यांदा ओरडतं.

मग तिनं खोक्यावरचा नंबर फोनमध्ये घातला
माझ्याकडे पाठ करून,
परक्या घरात पैसे मोजावेत तसं.
म्हटलं, ताई, वळा की इकडं. मलाही दिसू दे.
आणि खरंच दिसू दिलं तिनं.

एक मिक्सर, बावीस दुकानं.
स्वस्त वर, महाग खाली.
सगळ्यात वर जो, त्याच्या कडेला
मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात':
म्हणजे तो पहिला नव्हेच,
पैसे भरून पहिल्याच्या डोक्यावर बसलेला.
चौथ्याची भांडी दोनच.
पाचवा गाडीभाडं शेवटच्या पानावर सांगतो,
पत्ता, पिनकोड, सगळं लिहून झाल्यावर.
सातवा मी.
तीन हजार चारशे साठ.
माझं नाव, माझ्याच दुकानात, तिच्या तळहातावर.

तिनं त्यावर बोट ठेवलं.

गेले साडेचार रुपये.
प्रत्येक बोटाचे साडेचार लागतात मला,
गिऱ्हाईक माझ्या दारात आणून सोडल्याचे.
काउंटर दीड फूट रुंद आहे.

मी हसायला लागलो. तिला कळेना. सांगितलं.
तीही हसली, मग ओशाळली:
परत नाही का घेता येत?
नाही. बोट परत घेता येत नाही.

खोटं कशाला बोलू, मीही तिथंच असतो.
शटर अर्धं ओढून रोज रात्री
मारुती रोडच्या पद्मण्णा उपाध्येचा भाव बघतो.
त्यानं दहा उतरवले की मी पंधरा.
अकराला तो वीस.
शाळेत एका बाकावर होतो आम्ही.
चार वर्षांत बोललो नाही,
पण तो कधी झोपतो ते मला माहीत आहे.
आणि लेकीचा फोन
मी त्याच्याकडून घेतला नाही, ना आणखी कुठल्या दुकानातून.
सगळ्यात वरच्या ओळीतून घेतला.

सुकन्यानं तीन महिन्यांच्या भावाची रेघ काढून दाखवली.
सणाच्या आधी चढलेली,
सणात 'सवलत' म्हणून होती तिथं आलेली.
माझ्या मागच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ आहे,
छातीच्या उंचीला, सरळ.
तिनं ती बघितली, ही बघितली,
काही बोलली नाही.
तेव्हा ती शिकत होती, म्हणे. गच्चीवर दोन रात्री.

शेवटी किती?
हात खिशात गेला, उगीच, रुमालाकडे.
तीन हजार दोनशे चाळीस.
त्यात मला सुटतं काय ते विचारू नका.
वरचे साडेचार धरा, म्हणाली,
माझ्यामुळं गेले ते.
नको नको म्हणेपर्यंत
तिनं आकडा टाकलासुद्धा.

आणि काउंटरवरचा डबा,
ज्याला हळू बोलायला कुणी शिकवलं नाही,
भर रस्त्यात ओरडला:
तीन हजार दोनशे चव्वेचाळीस रुपये
आणि पन्नास पैसे प्राप्त झाले.
पलीकडच्या भडंगवाल्यानं
मान वर करून पाहिलं.